जावई आणणारी मुलगी

(इयत्ता दहावी, मार्च २००० च्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. बोलीचा बाज तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला, 'परदेशी जोडीदाराला आपल्या गावात आणताना'. मी म्हटलं, या विषयावर बोलायला मी काही तज्ज्ञ नाही. तर उत्तर आलं, "आपल्या तुकडीत डॉक्टर नऊ आहेत, इंजिनिअर सत्तावीस आहेत, पण जर्मन जावई आणणारी तू एकटीच आहेस." त्यामुळे तज्ज्ञ ठरले. शिवाय गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या ग्रुपमधल्या चौघांनी मला वेगवेगळे फोन केले. कुणाची बहीण कोरियन मुलाशी लग्न करते आहे, कुणाचा भाचा पोलंडहून मुलगी घेऊन येतो आहे. प्रश्न तेच. व्हिसा कुठला, नोकरी करता येते का, आणि शेवटी दबक्या आवाजात, "राहतात का गं ही माणसं इथं?" म्हणून म्हटलं, एकदाच सगळ्यांसमोर सांगून टाकू.

आधी थोडं आपल्याच गावाबद्दल. आपण लहानपणी कंपन्यांच्या भोंग्यावर घड्याळ लावत होतो. वर्गात हजेरी घेताना आडनावं ऐकली की अख्खा महाराष्ट्र फिरून व्हायचा, आणि मधूनमधून केरळ, बंगाल, पंजाब. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि मग टेल्को, बजाज आल्या. दापोडी-चिंचवडच्या पट्ट्यात स्वीडिश कंपन्या आल्या. आपल्या आयांनी 'सँडविक' आणि 'अल्फा लावल' ही नावं स्वीडनचा नकाशा न पाहता पाठ केली होती, कारण तिथे दिवाळीला बोनस किती मिळतो हे त्यांना माहीत असायचं. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, मर्सिडीजही त्याच सुमारास चाकणला गेली, आणि नाशिक फाट्यापासून पुढे जर्मन, कोरियन, जपानी माणसं गाड्यांच्या मागच्या सीटवर बसून ट्रॅफिकमध्ये आपल्यासारखीच अडकलेली दिसू लागली.

म्हणजे परदेशी माणूस आपल्या पट्ट्याला नवा नाही. पण ती माणसं येतात तीन वर्षांसाठी. कंपनीचं घर, कंपनीची गाडी, कंपनीचा ड्रायव्हर, आणि मुदत संपली की सामान बांधून परत. जोडीदार म्हणून येणारा माणूस वेगळा. त्याच्यामागे कंपनी नसते, आपण असतो. तो राहायला येतो तो दुसऱ्या मजल्यावरच्या टू-बीएचकेमध्ये, जिथे सासूबाईंचं पाणी सकाळी साडेसहाला येतं.

माझी हकिकत थोडक्यात सांगते. बारावीनंतर मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला जर्मन शिकले, एका कंपनीत भाषांतराचं काम केलं, आणि २०१० मध्ये स्टुटगार्टजवळच्या एका गावात नोकरीला गेले. तिथे हा भेटला. तो टूलमेकर. प्रेसच्या डाय बनवणं आणि दुरुस्त करणं हे त्याचं काम. २०१५ च्या जूनमध्ये बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर बोलणंही. मी एकुलती एक. आईला एकटीला ते झेपणारं नव्हतं. मी नोकरी सोडून परत यायचं ठरवलं. त्याने दोन आठवडे विचार केला, चाकणमधल्या एका प्रकल्पावर जागा शोधली आणि ऑक्टोबरमध्ये आला. डिसेंबरमध्ये आम्ही लग्न केलं.

आता कागदांचं बोलते, कारण फोन त्याच्यासाठीच येतात. वही असेल तर काढा.

पहिली गोष्ट लग्नाची. दोघांचा धर्म वेगळा किंवा एकजण परदेशी नागरिक असेल आणि लग्न भारतात करायचं असेल, तर सरळ रस्ता विशेष विवाह कायदा, १९५४ चा. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवं. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती फलकावर लागते, ३० दिवस आक्षेपासाठी थांबायचं, आणि मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. परदेशी जोडीदाराला त्याच्या देशाकडून 'या माणसाच्या लग्नाला कायदेशीर अडथळा नाही' असं पत्र लागतं. ते मिळवायला वेळ लागतो, तेव्हा हॉल आधी बुक करू नका. धार्मिक विधी हवा तर करा, जेवणावळी हव्या तर घाला, पण पुढच्या प्रत्येक खिडकीवर विचारतात ते नोंदणीचं प्रमाणपत्र. त्याच्या चार प्रमाणित प्रती करून ठेवा.

दुसरी गोष्ट, येऊन राहण्याची. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर साधारणपणे आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंदणी करावी लागते. आता ते ई-एफआरआरओ पोर्टलवर होतं. घरात परदेशी पाहुणा उतरला तर त्याची माहिती २४ तासांत कळवायची असते, त्यासाठी एक फॉर्म असतो. हॉटेलवाले भरतात हे सगळ्यांना माहीत असतं, घरमालकाने भरायचा असतो हे कुणाला माहीत नसतं. आणि १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा जुना परदेशी नागरिक कायदा जाऊन नवा कायदा लागू झाला आहे. तेव्हा माझ्या २०१५ च्या अनुभवावर विसंबू नका, त्या त्या वेळचे नियम बघा.

तिसरी गोष्ट, आणि सगळ्यांत महत्त्वाची, कामाची. परदेशी माणसाला भारतात नोकरी करायची तर एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो. त्याला वर्षाला १६ लाख २५ हजार रुपये पगाराची किमान अट आहे. भाषांतरकार, इंग्रजी सोडून इतर भाषा शिकवणारे, परदेशी पद्धतीचा स्वयंपाक करणारे आचारी अशा मोजक्या लोकांना त्यातून सूट आहे. ही अट कशासाठी, तर जे काम इथला माणूस करू शकतो त्यासाठी बाहेरून माणूस आणू नये. ते मला पटतं. पण त्याचा अर्थ असा की तुमची जोडीदार नर्स असेल, बालवाडीची शिक्षिका असेल, तर त्या पगारात तिला हा व्हिसा मिळणार नाही. शिवाय हा व्हिसा ठरावीक कंपनीला बांधलेला असतो. कंपनीतलं काम संपलं की व्हिसाचा आधारही संपला.

आमचं तेच झालं. २०१७ च्या मार्चमध्ये तो प्रकल्प बंद झाला. भारतीय नागरिकाचा जोडीदार म्हणून त्याला एंट्री व्हिसावर राहता आलं. पण त्या व्हिसाबरोबर नोकरीची मुभा आपोआप मिळत नाही. वीस वर्षं हाताने काम केलेला माणूस सकाळी आठ वाजता घरात चहाचा कप घेऊन बसलेला. चाकणला जाणाऱ्या कंपन्यांच्या बसेस खिडकीखालून जायच्या आणि तो त्या मोजायचा. घर माझ्या एकटीच्या पगारावर, त्यात बाबांचा औषधोपचार. शेजारी विचारायचे, "जावईबापू सुट्टीवर का?" पहिल्या महिन्यात हा प्रश्न गमतीचा वाटतो, सहाव्या महिन्यात वाटत नाही.

यातून बाहेर काढणारी गोष्ट म्हणजे ओसीआय कार्ड, ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया. २०१५ च्या दुरुस्तीपासून भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदारालाही ते मिळू शकतं. अट अशी की लग्न नोंदवलेलं हवं आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. सुरक्षा तपासणी होते. अर्जदार किंवा त्याचे आईवडील, आजीआजोबा पाकिस्तान किंवा बांगलादेशाचे नागरिक असतील तर ते मिळत नाही. एकदा मिळालं की व्हिसा नको, नोंदणी नको, नोकरी-व्यवसाय मोकळा. शेतजमीन, फार्महाउस विकत घेता येत नाही, मतदान करता येत नाही, सरकारी नोकरी साधारणपणे नाही. पत्रकारिता, संशोधन यांसारख्या काही कामांना वेगळी परवानगी लागते. आणि एक ओळ सगळ्यांनी नीट वाचा. घटस्फोट झाला तर हे कार्ड रद्द होऊ शकतं. म्हणजे त्याचं इथलं राहणं, त्याचं काम, हे सगळं आपल्याशी असलेल्या नात्याला बांधलेलं आहे. घरात भांडण झालं तर हे लक्षात ठेवायची जबाबदारी आपली. आपल्या हातात एक असं शस्त्र आहे जे त्याच्या हातात नाही. ते कधी उगारायचं नाही, चेष्टेतसुद्धा.

आमची दोन वर्षं डिसेंबर २०१७ ला भरली, कार्ड २०१८ च्या मध्यावर हातात आलं. म्हणजे सव्वा वर्ष तो घरी होता. ज्यांना हा मार्ग घ्यायचा आहे त्यांनी या दोन वर्षांचा हिशेब आधी मांडावा. पैशांचा मांडावाच, आणि माणसाने दिवसभर करायचं काय, याचाही मांडावा.

नागरिकत्वाचंही विचारतात. भारतीय नागरिकाशी लग्न केलेली व्यक्ती सात वर्षं इथे राहिली की नोंदणीने नागरिकत्वाचा अर्ज करू शकते. पण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. जर्मनीने २०२४ च्या जूनपासून आपल्या लोकांना दुसरं नागरिकत्व घ्यायला मोकळीक दिली, पण आपला कायदा पहिलं सोडायला लावतो. माझ्या नवऱ्याने अर्ज केलेला नाही. मीही कधी आग्रह केला नाही. मुलांचं म्हणाल तर भारतात जन्मलेल्या मुलाचा एक पालक भारतीय नागरिक असेल आणि दुसरा बेकायदा आलेला नसेल, तर ते मूल जन्माने भारतीय. मात्र दोन पासपोर्ट बाळगता येत नाहीत.

इथे एक गोष्ट आपल्या मैत्रिणींसाठी. नागरिकत्व कायद्यात १९५५ साली भारतीयाशी लग्न केलेल्या फक्त 'स्त्रियांना' नोंदणीने नागरिकत्व मिळण्याची सोय होती. परदेशी सून चालत होती, परदेशी जावई कायद्याच्या ध्यानीमनीही नव्हता. १९८६ च्या दुरुस्तीत 'स्त्रिया' हा शब्द जाऊन 'व्यक्ती' आला. परदेशात जन्मलेल्या मुलाला आईकडून भारतीय नागरिकत्व मिळायला तर १९९२ उजाडावं लागलं. तो बदल आला तेव्हा आपण तिसरीत होतो. म्हणजे मी केलं तसं लग्न माझ्या आईच्या पिढीतल्या मुलीने केलं असतं, तर १९८६ पर्यंत तिचा नवरा या वाटेने या देशाचा झाला नसता.

तरीही परदेशी सुना आपल्या महाराष्ट्रात आल्या आणि त्यांनी किती मोठं काम केलं! दोघींची नावं सांगते. स्वित्झर्लंडमध्ये न्यूशातेलला १९१३ मध्ये जन्मलेली ईव्ह इव्हॉन नावाची मुलगी. भारतीय सैन्यातले अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी १९३२ मध्ये तिने लग्न केलं आणि ती सावित्री खानोलकर झाली. मराठी, संस्कृत, हिंदी शिकली, महाराष्ट्राच्या संतांवर पुस्तक लिहिलं. स्वातंत्र्यानंतर परमवीर चक्राचं पदक घडवायचं ठरलं तेव्हा त्याचं चित्र तिने काढलं. दधीची ऋषींच्या अस्थींपासून बनलेलं इंद्राचं वज्र त्या पदकावर आहे. देशाचं सर्वोच्च शौर्यपदक एका परदेशातून आलेल्या सुनेच्या हातचं आहे.

दुसऱ्या गेल ऑम्व्हेट. अमेरिकेत मिनिआपोलिसला १९४१ मध्ये जन्मल्या. महात्मा फुल्यांच्या चळवळीवर संशोधन करायला महाराष्ट्रात आल्या, १९७६ मध्ये भारत पाटणकरांशी लग्न केलं आणि सांगली जिल्ह्यात कासेगावात राहिल्या. सासूबाई इंदुताई पाटणकर, प्रतिसरकारच्या लढ्यातल्या. १९८३ मध्ये त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतलं, २०२१ मध्ये कासेगावातच त्यांचं निधन झालं. मोठ्या शहरात, विद्यापीठाच्या आवारात राहणं त्यांना सोपं होतं. त्या गावात राहिल्या.

या दोघींचं उदाहरण देऊन मी माझ्या नवऱ्याला त्या रांगेत बसवत नाही, घाबरू नका. मला त्यांच्यात एक सारखेपणा दिसतो, तो सांगते. नुसतं लग्न करून माणूस इथला होत नाही. त्याला इथं स्वतःचं काम लागतं, आणि इथली भाषा लागते. नवरा किंवा बायको या एकाच खुंटीवर परक्या देशातलं अख्खं आयुष्य टांगता येत नाही. खुंटी निखळते.

आमच्याकडे भाषा आधी आली, आणि ती बाबांमुळे आली. पक्षाघाताने बाबांचे शब्द गेले होते. समजत होतं सगळं, पण वस्तूचं नाव ओठावर येत नव्हतं. स्पीच थेरपिस्ट बाई यायच्या, चित्रं दाखवायच्या. कप, खुर्ची, आंबा. घरी बसलेला जावई शेजारी वही घेऊन बसू लागला. एकाला मराठी आठवायचं होतं, दुसऱ्याला शिकायचं होतं. चित्रांवर दोघेही कंटाळायचे. मग एकदा त्याने बाबांची जुनी हत्यारपेटी काढली. बाबांनी एकतीस वर्षं कंपनीत मिलिंग मशीन चालवलं होतं. त्याने एकेक हत्यार बाबांच्या डाव्या हातात द्यायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, "पाना." झटक्यानंतर स्पष्ट आलेला तो पहिला शब्द. मग पक्कड, कानस, हातोडी. माझ्या नवऱ्याला 'नमस्कार' आणि 'धन्यवाद' यांच्याही आधी कानस हा शब्द पक्का आला. आजही तो मराठी बोलतो तेव्हा त्याचं मराठी वर्कशॉपमधलं आहे, बाबांच्या पिढीचं.

जर्मन माणसाला मराठी अवघड जाईल असं सगळे म्हणायचे. काही बाबतींत उलटं आहे. इंग्रजी माणसाला तो-ती-ते छळतं, जर्मनमध्ये तीन लिंगं आहेतच. आपण 'मूल' नपुंसकलिंगी म्हणतो, तेही म्हणतात. आकडे तर आणखी गमतीचे. आपण पंचवीस म्हणतो, आधी पाच मग वीस. जर्मनमध्येही आधी पाच आणि मग वीस. त्यामुळे मंडईत 'सत्तावीस' आणि 'बहात्तर' यांत तो कधी गोंधळला नाही, जिथे आपली इंग्रजी माध्यमातली भाचरं आईकडे बघतात. फक्त एकोणतीस, एकोणचाळीस यांनी त्याला रडवलं. तीसमधून एक कमी करून आकडा सांगायचा ही कल्पना त्याच्या हिशेबात बसेना. बाबांनाही एकोणतीस येत नव्हतं. दोघांनी मिळून त्याचं 'वीस-नऊ' करून टाकलं, आणि आमच्या घरात आता तोच आकडा चालतो.

कार्ड आल्यानंतर काम शोधताना नवी अडचण. त्याच्याकडे पदवी नाही. जर्मनीत कारखान्यात शिकत शिकत, परीक्षा देत 'माइस्टर' होता येतं आणि तिकडे ती पात्रता पदवीच्या बरोबरीची मानतात. इथे एका मोठ्या कंपनीच्या एचआरने अर्ज बघून विचारलं, "म्हणजे आयटीआय का?" आणि तीन मिनिटांत मुलाखत संपली. ज्या माणसाला पाच वर्षांपूर्वी तेच लोक गाडी पाठवून आणत होते, तो आता स्थानिक अर्जदार झाला होता. परदेशी सल्लागार म्हणून आलात तर साहेब, जावई म्हणून आलात तर 'पदवी कुठाय'. शेवटी भोसरीतल्या एका लहान प्रेसशॉपच्या मालकांनी त्याला बोलावलं. त्यांची एक डाय दर आठवड्याला बिघडत होती. त्याने दोन दिवस मशीनपाशी उभं राहून फक्त बघितलं, तिसऱ्या दिवशी सेटिंग बदललं. तिथून कामं मिळत गेली. भोसरी, तळवडे, चाकण. आता तो सहा-सात लहान कारखान्यांना डायची देखभाल शिकवतो. जर्मनीतल्या पगाराच्या मानाने पैसे कमी आहेत. पण मुलं त्याला "सर, हे बघा ना" म्हणून ओढून नेतात, आणि रात्री जेवताना तो त्या मुलांबद्दल बोलतो, तेव्हा मला मार्च २०१७ मधला खिडकीतला माणूस आठवत नाही.

आता जरा अवघड जागेचं बोलते. माझा नवरा सोसायटीच्या गणपतीत मोदक वळायला बसला तर आठ जण व्हिडिओ काढतात. भाकरी थापली तर, ती कितीही वाकडी असो, टाळ्या पडतात. "किती ॲडजस्ट झाले ना!" खरं आहे, झालाच तो. पण याच सोसायटीत साताऱ्याच्या खेड्यातून, बीडहून, बिहारमधून लग्न करून आलेल्या कितीतरी बायका आहेत. माझी आई १९८१ मध्ये नगर जिल्ह्यातून चिंचवडला आली, एकोणीस वर्षांची. घर बदललं, आडनाव बदललं, बोलीतले शब्द सासूने बदलले, भाजीतलं तिखट बदललं. तिचा व्हिडिओ कुणी काढला नाही. 'सासरी जाणं' या दोन शब्दांत आपण ते सगळं गुंडाळून टाकलं. परदेशी जोडीदार आणणं म्हणजे काय, हे मला खरं कळलं ते आईकडे बघून. आमच्या घरात हा आला तेव्हा त्याची भूक, त्याची झोप, त्याचं एकटेपण आईने माझ्याआधी ओळखलं. मी विचारलं, तुला कसं कळलं? तर म्हणाली, "त्यात काय कळायचंय? मीही आलेच होते की."

बाबा २०२२ मध्ये गेले. ज्या कारणासाठी आम्ही परत आलो ते कारण संपलं. तेरावं झाल्यावर पुष्कळांनी विचारलं, "आता जाणार का परत?" आम्ही गेलो नाही. त्याचं काम इथं होतं, मुलगी आपल्याच शाळेत प्राथमिकला जाऊ लागली होती, आणि आई होती.

पण हिशेब एका बाजूने पुरा होत नाही. माझ्या सासूबाई आता ८१ वर्षांच्या आहेत. स्टुटगार्टजवळच्या त्या गावात एकट्या राहतात. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्या त्याला विचारत नाहीत, आणि तो सांगत नाही. मला दोघांचं कळतं, कारण २०१५ मध्ये मी त्याच जागी होते. माझ्या बाबांसाठी त्याने देश सोडला. त्याच्या आईसाठी मी सोडायचा का, हा प्रश्न आमच्या घरात आता जेवणाच्या टेबलावर आहे. त्यांना कायमचं इथं आणता येईल असं सरळ कार्ड त्यांच्यासाठी नाही, आणि ज्या म्हातारीने आयुष्यभर आपल्या बागेतली सफरचंदं काढली तिला चिंचवडच्या उन्हाळ्यात आणणं मला मानवत नाही. पुढच्या वर्षापासून तो वर्षातले चार महिने तिकडे राहणार, सुट्टीत मी आणि लेक जाणार, इतकं ठरलं आहे. आई म्हणते, गरज पडली तर जा, माझ्याकडे बघू नका. आईचं ऐकायचं असतं असं शाळेत शिकवलंय, पण हे ऐकायला जड जातं.

म्हणून फोनवरच्या त्या दबक्या प्रश्नाला, "राहतात का ही माणसं इथं?" याला माझं उत्तर असं की राहतात. त्यांना काम मिळालं, भाषा मिळाली, आणि त्यांच्या मागे राहिलेल्या माणसांची कुणीतरी आठवण ठेवली, तर राहतात. जोडीदाराला आणताना त्याचे आईवडील तिकडेच म्हातारे होत असतात, हे पहिल्या दिवसापासून घरात बोला. कागदपत्रांच्या यादीत ते कुठेच लिहिलेलं नसतं.

आणि शेवटी एक मागणी, कारण माजी विद्यार्थी मेळाव्यात शाळेकडे काही मागितलं नाही तर सरांना चुकल्यासारखं वाटेल. चाकण-तळेगाव पट्ट्यात आज कोरियन, जर्मन, जपानी कुटुंबं आहेत, आणि त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली आहेत. 'यांना मराठी येत नाही' ही तक्रार आपण सगळेच करतो. शिकायचं कुठे, हे मात्र कुणी सांगत नाही. माझ्या नवऱ्याला घरी बसलेले सासरे मिळाले, सगळ्यांना ते मिळत नाहीत. आपल्या शाळेचे वर्ग संध्याकाळी सहानंतर रिकामे असतात. आठवड्यातून दोन दिवस मराठी बोलण्याचा एक वर्ग चालवू. पुस्तकी नको. भाजी घेणं, डॉक्टरला दुखणं सांगणं, शिफ्ट बदलून मागणं, मुलाच्या बाईंशी बोलणं, एवढं मराठी. मी एक दिवस घेते. आपल्या मराठीच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यांनी निवृत्तीत कंटाळा येतो असं मघाशीच सांगितलंय, म्हणजे दुसरा दिवस त्यांचा. फळ्याला आणि खडूला तुकडीच्या निधीतून पैसे द्या. हत्यारांची नावं शिकवायला माणूस माझ्या घरी आहे, फक्त एकोणतीस त्याला विचारू नका.